जुन्या ट्रॅक्टरची खरी किंमत

गेल्या वर्षीं वार्षिक परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील, मुलाचें प्रगतिपुस्तक हातीं पडल्यावरही, कचेरीच्या दाराशीं घुटमळत उभे राहिले. आम्हीं त्यांस आंत बोलाविलें, तेव्हां ते म्हणाले, "गुरुजी, एक जुना ट्रॅक्टर बघितला आहे. मालक एक लाख नव्वद हजार म्हणतोय. रंग अगदीं नवा आहे. घेऊं का?" बैलजोडी विकून आलेले पैसे आणि मुलाच्या कॉलेजसाठीं पोस्टांत साठविलेली रक्कम, एवढेंच त्यांचें भांडवल होतें. मृग नक्षत्र महिन्याभरावर येऊन ठेपलें होतें.

या प्रश्नाला एका शब्दांत उत्तर देणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं. आम्ही शिकविणार विज्ञान व गणित. यंत्रशाळेंतला अनुभव आमच्या गांठीं नाहीं. परंतु आमच्या घरीं अशाच एका खरेदींत पूर्वीं मोठी ठेंच लागली होती, आणि तिनें जें शिकविलें तें कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नव्हतें. म्हणून तीस वर्षें हींच इंजिनें बांधीत आलेल्या एका मिस्त्रींना बरोबर घेऊन आम्ही तो ट्रॅक्टर पाहावयास गेलों. मुलगाही वही-पेन्सिल घेऊन आला. त्या दोन दिवसांत जें पाहिलें व जें त्या वहींत उतरलें, तें आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडावें, या हेतूनें येथें क्रमानें मांडीत आहों.

प्रथम त्या यंत्राविषयीं दोन शब्द. तो ट्रॅक्टर बी-२७५ या जातीचा असून कागदोपत्रीं १९७४ सालचा होता. हा ट्रॅक्टर मूळ इंग्लंडांतला. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या ब्रॅडफर्ड येथील कारखान्यांतून तो १९५८ सालापासून बाहेर पडूं लागला. पुढें १९६३ सालीं महिंद्रा अँड महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनीं मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन केली, आणि तो मुंबईंत तयार होऊं लागला. १९७७ सालीं ती कंपनी महिंद्रा कंपनींत विलीन झाली. चार सिलिंडरांचें, सुमारें पस्तीस अश्वशक्तीचें हें डिझेल इंजिन महाराष्ट्रांतील अनेक गांवांनीं पाहिलेलें पहिलें ट्रॅक्टरचें इंजिन असेल. पुष्कळ खपलेल्या यंत्राचा एक मोठा गुण असा, कीं त्याचे सुटे भाग व तें जाणणारे मिस्त्री जवळपास सांपडतात. ज्या यंत्राचे भाग मिळत नाहींत, तें कितीही चांगलें असलें तरी एक दांता तुटतांच अंगणांतील शोभेची वस्तु होऊन बसतें. म्हणून किंमत ठरवितांना पहिला प्रश्न हाच विचारावा: याचे भाग आपल्या तालुक्याच्या गांवीं मिळतात काय?

आतां किंमत म्हणजे काय, हें पाहूं. विकणाऱ्यानें तोंडानें सांगितलेली रक्कम ही किंमत नव्हे. ती त्याची इच्छा होय. तशाच बनावटीचे, चालू स्थितींतील ट्रॅक्टर आपल्या पंचक्रोशींत नुकतेच खरोखर कितीला *विकले गेले*, हें तीन-चार ठिकाणीं विचारून काढावें व त्यांची सरासरी धरावी. मग समोरचा ट्रॅक्टर त्या चालू स्थितीला आणण्यास काय खर्च येईल, तो त्यांतून वजा करावा. उरेल ती त्याची किंमत. सूत्र एवढें सोपें आहे. अवघड आहे तें दोष शोधून काढणें.

आम्ही पोहोंचलों तेव्हां इंजिन अगोदरच धडधडत होतें. लाल रंग उन्हांत चमकत होता. मिस्त्रींनीं रंगाकडे पाहिलेंच नाहीं. ते मालकांस नम्रपणें म्हणाले, "दादा, आज राहूं द्या. उद्यां सकाळीं सहाला येतों. आम्ही आल्याशिवाय चालू करूं नका." विद्यार्थ्याच्या वडिलांना हें कांहीसें अपमानकारक वाटलें, पण यांतच साऱ्या परीक्षेचें मर्म आहे.

सायकलचा पंप जोरानें मारतांना त्याचें नळकांडें तापतें, हें तुम्हीं अनुभविलें असेल. डिझेल इंजिनांत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणांत घडते. सिलिंडरांतील हवा मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या हिश्श्यापर्यंत, किंवा त्याहूनही अधिक, दाबली जाते. त्या दाबानें ती इतकी तापते, कीं तींत डिझेलचा फवारा सोडतांच तो आपोआप पेटतो. पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणें येथें ठिणगी लागत नाहीं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन शास्त्रज्ञानें याच तत्त्वावर चालणारें आपलें इंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें यशस्वीपणें चालवून दाखविलें. आतां पिस्टनच्या रिंगा व लायनर झिजले असतील, तर हवा फटींतून निसटते, दाब कमी पडतो व पुरेशी उष्णता उत्पन्न होत नाहीं. इंजिन आधींच तापलेलें असेल, तर हा दोष झांकला जातो. थंड इंजिनांत तो लपत नाहीं. म्हणून जुनें डिझेल इंजिन नेहमीं थंड असतांनाच प्रथम चालू करवून पाहावें, व चालू करण्यापूर्वीं त्यावर हात ठेवून तें खरोखर थंड असल्याची खात्री करून घ्यावी. हिंवाळ्यांत हीटर लावावा लागला तर तो दोष नव्हे. परंतु धक्का मारावा लागला, किंवा हवेच्या तोंडाशीं पेट्रोलची चिंधी धरावी लागली, तर सावध व्हावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेंच इंजिन चौथ्या प्रयत्नाला कसेंबसें चालू झालें.

मग मिस्त्रींनीं मुलास धुराकडे पाहावयास सांगितलें. धुराचे तीन रंग ओळखावयास शिकावें. पांढरा धूर म्हणजे न जळलेलें डिझेल. थंड इंजिनांत तो घटकाभर दिसला तर चिंता नाहीं, परंतु रेंगाळला तर दाब कमी आहे किंवा नोझल बिघडला आहे असें समजावें. इंजिन चांगलें तापल्यावरही पांढरी वाफ निघत राहिली व रेडिएटरमधील पाणी कमी होत गेलें, तर पाणी सिलिंडरांत शिरत असण्याचा संभव असतो. काळा धूर म्हणजे डिझेल अधिक किंवा हवा कमी. कधीं कधीं तुंबलेलें एअर क्लीनर साफ केल्यानेंही तो जातो. निळसर धूर मात्र वाईट. तो इंजिन ऑइल जळत असल्याची खूण आहे, आणि त्याचें मूळ बहुधा रिंगा, लायनर किंवा व्हाल्व्ह यांच्या झिजण्यांत असतें. आमच्या ट्रॅक्टरनें प्रथम पांढरा व मागाहून निळसर धूर सोडला.

इंजिन चालू असतांना ऑइल भरावयाच्या तोंडाचें झांकण काढून पाहिलें. तेथून झटक्याझटक्यानें धूर येऊं लागला. निसटलेला वायु खालीं ऑइलच्या कोठींत उतरतो व मग त्याला दुसरी वाट राहत नाहीं. ऑइल मोजण्याची पट्टी काढून पाहावी: ऑइल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे, पातळी वाढलेली असून डिझेलचा वास आला तर डिझेल गळून खालीं जात आहे. रेडिएटरचें झांकण इंजिन थंड असतांनाच उघडावें, एरव्हीं हात भाजेल. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट गेला असेल किंवा हेडला चीर पडली असेल. इंजिन तापल्यावर मंद गतींत ऑइलच्या दाबाचा कांटा कोठें राहतो, हेंही पाहावें.

इंजिनानंतर उरलेलें अंग. क्लचचें पाऊल व ब्रेक दाबून पाहावे. शेतांत नांगर लावून चालवावा, कारण रिकाम्या ट्रॅक्टरला दोष नसतो; भार पडला कीं घसरणारा क्लच घसरतो व सुटणारा गिअर सुटतो. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करावें व पाहत राहावें. तो भराभर खालीं बसूं लागला तर हायड्रॉलिकच्या सिलिंडरांत किंवा व्हाल्व्हमध्यें गळती आहे. पुढील धुरा जॅकवर उचलून चाक हातानें हलवावें, म्हणजे बेअरिंग, बुश व किंगपिन यांची झीज कळते. मागील धुऱ्याच्या आवरणावर व गिअरपेटीवर वेल्डिंगच्या खुणा शोधाव्या. बिडाच्या भागाला चीर जाऊन तो जोडलेला असेल, तर नवा रंग तेथेंच जाड दिसतो.

टायरांकडे पुष्कळ लोक शेवटीं पाहतात. वास्तविक तें प्रथम पाहण्यासारखें आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या किंमतीचा बराच मोठा हिस्सा मागील दोन टायरांतच असतो. नुसती नक्षी उंच आहे म्हणून फसूं नये. बाजूच्या रबराला उन्हानें बारीक भेगा पडल्या असतील, तर ट्रॉलीच्या पहिल्याच ओझ्याला टायर फुटेल.

तासांच्या मीटरवर विश्वास ठेवूं नये. पन्नास वर्षांच्या ट्रॅक्टरचा मीटर बंद पडलेला किंवा बदललेला असणें साहजिक आहे. त्यापेक्षां पायाच्या पट्ट्या किती गुळगुळीत झाल्या, स्टेअरिंग किती झिजलें, हें पाहावें. तसेंच तो ट्रॅक्टर कोणत्या कामावर होता, हें शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारावें. स्वतःच्या दहा एकरांत नांगरणी केलेला ट्रॅक्टर आणि हंगामामागून हंगाम ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या कारखान्याकडे ओढणारा ट्रॅक्टर यांचें वय कागदावर एक असलें, तरी देहानें एक नसतें. आम्हीं विचारल्यावर कळलें, कीं हा ट्रॅक्टर दुसऱ्या प्रकारचा होता.

यानंतर कागदपत्रें. आमच्या घरच्या ठेंचेची गोष्ट येथें सांगावयास हवी. आमच्या वडील बंधूंनीं सुमारें वीस वर्षांपूर्वीं एक ट्रॅक्टर घेतला. इंजिन उत्तम होतें, सौदाही सरळ झाला, परंतु आर. सी. बुकावरील बोजाची नोंद कोणीं वाचली नाहीं. पहिल्या मालकाचें कर्ज फिटलेलें नव्हतें. सात महिन्यांनीं सावकारी संस्थेची माणसें आलीं व ट्रॅक्टर घेऊन गेलीं. पेरणीचे दिवस होते. बंधूंनीं तो पैसा आमच्या वहिनींचे दागिने मोडून उभा केला होता. त्यांनीं त्याविषयीं कधीं तक्रार केली नाहीं. पण त्या वर्षीं त्यांची मुलगी शाळेंतून काढावी लागली, हें आम्ही विसरलेलों नाहीं.

म्हणून वाचकहो, चेसिसवरील व इंजिनावरील क्रमांक स्वतः घांसून, पुसून वाचा व ते आर. सी. बुकाशीं अक्षरशः जुळवा. क्रमांकावर रंग थापलेला किंवा कानस फिरलेली दिसली, तर तेथूनच परत फिरा. बोजा असल्यास कर्ज देणाऱ्याची सही असलेला नमुना ३५ मिळाल्याखेरीज पैसे देऊं नका. मालकीबदलासाठीं नमुना २९ व नमुना ३० लागतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विक्री झाली असतां विकणाऱ्यानें चौदा दिवसांच्या आंत व घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर तिचें नूतनीकरण झालें आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. विकणाऱ्याचेंही हित यांतच आहे. नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं एका अपघाताच्या दाव्यांत ठरविलें. तेव्हां नांव न बदलतां ट्रॅक्टर देऊन टाकणारा मनुष्य दुसऱ्याच्या अपघाताची जबाबदारी आपल्या डोक्यावर ठेवून घेतो.

हें सारें चालू असतां मालक म्हणाले, "गुरुजी, असा ट्रॅक्टर आतां निघत नाहीं. जुनें तें सोनें. इंग्लंडांत याला लाखांनी मोजतात." या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे, म्हणून त्याचाही विचार करूं. इंग्लंडांत जुने ट्रॅक्टर जपणारे हौशी लोक आहेत हें खरें. लिंकनशरमधील गेन्सबरो येथील मार्शल कंपनीनें १९४५ पासून १९५७ पर्यंत फील्ड मार्शल नांवाचा एका सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर बनविला. धुमसणारा कागद इंजिनांत बसवून व हँडल मारून, किंवा बंदुकीसारखें काडतूस उडवून तो चालू करीत. असा ट्रॅक्टर आज कोणी नांगरणीसाठीं घेत नाहीं. त्याचा इतिहास व दुर्मिळता यांसाठीं घेतो. परंतु असा हौशी ग्राहक काय पाहतो? मूळचे पत्रे, मूळचा पंप, जुळणारे क्रमांक, आणि शक्य तर मूळचा फिका पडलेला रंगसुद्धां. घाईनें फांसलेला नवा रंग त्याच्या दृष्टीनें उणेपणाच होय. शिवाय तो ग्राहक आपल्या दाराशीं प्रत्यक्ष उभा असेल तरच ती किंमत. नसेल तर ती ऐकीव गोष्ट. शेतकऱ्यानें शेतीसाठीं घ्यावयाच्या ट्रॅक्टरला हौशीचा भाव देऊं नये.

आतां मुलाच्या वहींतील हिशेब पाहूं. हे आंकडे आमच्या भागांतले व त्या वेळचे आहेत. रीत मात्र सर्वत्र चालेल. तसल्याच चालू ट्रॅक्टरांचे तीन सौदे १,६०,०००, १,७५,००० व १,६९,००० रुपयांस झाले होते. त्यांची सरासरी १,६८,०००. वजा: मागील दोन टायर ३६,०००, क्लच १४,०००, हायड्रॉलिकची दुरुस्ती ७,०००, पुढील धुऱ्याचे बुश व किंगपिन ६,०००. एकूण ६३,०००. बाकी १,०५,०००.

राहिलें इंजिन. तें पुरतें बांधावयाचें तर मिस्त्रींच्या अंदाजानें ४८,००० रुपये लागले असते. परंतु इंजिन खोलून पाहिल्याशिवाय खात्री कशी द्यावी? मुलानें विचारिलें, "मग हा खर्च धरायचा कीं नाहीं?" हा प्रश्न उत्तम होता. जी गोष्ट निश्चित नाहीं, तिचीही किंमत असते. मिस्त्री म्हणाले, "माझ्या मतें लवकरच बांधावें लागेल. चारांत तीन वेळां तरी." तेव्हां ४८,००० चे तीन चतुर्थांश, म्हणजे ३६,००० वजा केले. बाकी ६९,०००. कागदपत्रांच्या खर्चासाठीं ३,००० ठेवले. उरले ६६,०००.

आपला हिशेब फार कठोर तर झाला नाहीं ना, हें ताडून पाहण्याचा एक उपाय आहे. आर. सी. बुकांत ट्रॅक्टरचें रिकामें वजन नोंदलेलें असतें. त्याला भंगाराच्या भावानें गुणावें. समजा, वजन १,७०० किलो व भाव किलोला ३० रुपये. तर ५१,००० झाले. कागद सरळ असलेल्या ट्रॅक्टरची किंमत याहून खालीं जात नाहीं. आमचा आंकडा त्याच्या वर होता, म्हणजे तो अन्यायाचा नव्हता.

६६,००० हा आंकडा ऐकून मालक रागावले. त्यांनीं रंगालाच पंधरा हजार खर्चिले होते. आम्हांस त्यांची कींव आली. त्यांनीं तेच पैसे क्लचवर घातले असते, तर ते पुरतेपणीं परत मिळाले असते. सौदा झाला नाहीं. परत येतांना विद्यार्थ्याचे वडील एक शब्द बोलले नाहींत. बैल गेले होते, ट्रॅक्टर मिळाला नव्हता, आणि आकाशांत ढग जमत होते. आपण त्यांचें नुकसान तर केलें नाहीं ना, असें आमच्याही मनांत येऊन गेलें. त्या पावसाळ्यांत त्यांनीं भाड्याच्या ट्रॅक्टरनें मशागत केली व पेरणीला चार दिवस उशीर झाला.

दिवाळीनंतर ते पुन्हा शाळेंत आले. शेजारच्या गांवीं तसाच एक बी-२७५ विकाऊ होता. रंग उडालेला, बॉनेटला पोंचा आलेला, बसावयाच्या जागीं पोतें बांधलेलें. पण थंडींत, पहांटे, तो दुसऱ्या प्रयत्नाला चालू झाला. त्याच्या म्हाताऱ्या मालकांनीं कोणीं विचारण्यापूर्वींच सांगितलें, "बाबांनो, रेडिएटर गळतो, लिफ्ट हळू उचलतें, आणि मागचा डावा टायर या उन्हाळ्यापुरताच आहे. बाकी इंजिन तीन वर्षांपूर्वीं बांधलें. ही त्याची पावती." मिस्त्रींनीं दोन तास तपासलें; म्हाताऱ्यांनीं सांगितल्याहून निराळा दोष त्यांस सांपडला नाहीं. मुलाचा हिशेब १,२४,००० वर आला. मालकांनीं १,२५,००० मागितले होते. सौदा १,२२,००० ला झाला, व कागद महिन्याच्या आंत नांवावर आले. मुलाच्या कॉलेजची रक्कम पोस्टांत होती तेथेंच राहिली.

विद्यार्थिमित्रहो, या दोन ट्रॅक्टरांची तुलना करून पाहा. पहिल्या मालकानें दोष झांकले, म्हणून न सांपडलेल्या दोषांचीही भीति आम्हांस किंमतींतून वजा करावी लागली. दुसऱ्यानें दोष सांगितले, म्हणून त्याच्या गुणांवरही विश्वास बसला व त्यांचे पुरे पैसे त्याला मिळाले. तुमच्यांपैकीं पुष्कळजण उद्यां शेतकरी, मिस्त्री किंवा व्यापारी होतील. विकत घेतांना थंड इंजिनावर हात ठेवावयास विसरूं नका. आणि विकावयाची वेळ आली, तर रेडिएटर गळतो हें गिऱ्हाइकानें विचारण्यापूर्वीं सांगा.